शनिआजोबांच्या माळेतली कणी

मधोमध सूर्यनारायण.
भोवती आठ ग्रह.
आठही जण चालतात. गोल गोल चालतात. सूर्यनारायणाला प्रदक्षिणा घालतात.
कुणी भरभर चालतो. कुणी हळूहळू चालतो. पण कुणी बसत नाही. कुणी थांबत नाही.

त्यांतले एक शनिआजोबा.
शनिआजोबांची चाल संथ. एक प्रदक्षिणा पुरी व्हायला जवळजवळ तीस वर्षे!
शनिआजोबांच्या भोवती एक माळ आहे. रुंद रुंद माळ. लखलख माळ. तिचे मणी बर्फाचे. काही मणी घराएवढे. काही मणी लाडवाएवढे. आणि एक मणी अगदी इवलासा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा.
तीच आपली कणी.

माळ फिरे, गर्र गर्र.
कणी फिरे, टिंग टिंग.
शेजारी एक थोरला मणी. त्याचे नाव धोंडू. धोंडूला टेकून कणी सुखात होती.

एके दिवशी दुरून आवाज आला.
गडगड लोळ! गडगड लोळ!
"धोंडू, कोण रे ते?" कणीने विचारले.
"ते युरेनसबुवा," धोंडू म्हणाला. "लोटांगण घालत चालले आहेत."
खरेच की! बाकीचे ग्रह उभ्याने गिरकी घेतात. युरेनसबुवा मात्र आडवे. कुशीवर लोळत लोळत प्रदक्षिणा घालतात.
"मला पाहू दे!" कणी वाकली.
"फार वाकू नको," धोंडू म्हणाला.
कणी आणखी वाकली. आणखी वाकली. आणि...
सुळ्ळकन! कणी माळेबाहेर!

माळ थांबली नाही. गर्र गर्र पुढे गेली. मणी मण्याला भिडला. कणीची जागा बुजून गेली.
"धोंडू, सरक ना!"
"कुठे सरकू? इकडून दाटी, तिकडून दाटी. माझेच पोट दबले आहे!"
"बुवा दिसले ना? मग झाले तर!" मागचा एक मणी खिदळला.
कणीला रडू आले. माळेबाहेर अंधार होता. माळेबाहेर कुणी नव्हते. माळेतून सुटलेला मणी भटकत राहतो. भटकतच राहतो. त्याला घर नसते.

कणी शनिआजोबांकडे गेली. टिंग टिंग, टिंग टिंग.
आजोबा थांबले नाहीत. कणीच त्यांच्या बाजूने पळू लागली.
"शनिआजोबा, शनिआजोबा, माझी जागा द्या ना!"
आजोबा म्हणाले, "नाही गं कणी, आत्ता नाही. मणी फार दाटले आहेत. ते माझ्या एकट्याने हलत नाहीत. आधी गुरुजींनी माळ ओढावी. मग मी जागा देईन."

कणी निघाली. टिंग टिंग, टिंग टिंग.
पुढे भेटले गुरुजी. गुरू म्हणजे सर्व ग्रहांत थोरला ग्रह. पोट एवढे मोठे, की बाकीचे सातही ग्रह आत मावतील! पण गिरकी किती जलद! गरगर गरगर. दहा तासांत एक दिवस संपतो. सकाळचे दूध पिऊन होते न होते, तोच निजायची वेळ! भोवती नव्वदांहून जास्त चंद्र. शाळा सुटल्यासारखा नुसता गलका!
"का गं रडतेस?" गुरुजींनी विचारले.
कणी म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!"
गुरुजींनी भुवई उंचावली. "काय गं? आजोबांना नुसते शनी म्हणतेस?"
"गाण्यात तसेच म्हणतात," कणी म्हणाली. "आरतीत देवालासुद्धा अरे म्हणतात की!"
गुरुजींचे पोट हसून हसून हलले. "बरे बाई, बरे!"
"मग माळ ओढता ना, गुरुजी?"
"नाही गं कणी, आत्ता नाही. हा माझ्या कपाळावरचा लाल टिळा पाहा. वादळाचा टिळा. वर्षावर्षाने लहान होत चालला आहे. टिळा ठसठशीत असल्यावाचून मी कामाला हात लावत नाही. आधी मंगळाने गंध उगाळावे. मग मी माळ ओढीन."

कणी निघाली. टिंग टिंग, टिंग टिंग.
पुढे भेटला मंगळदादा. लाल माती. लाल डोंगर. गंजलेल्या खिळ्यासारखा लाल लाल. भोवती धूळ उडते, भुर्र भुर्र. दोन चंद्र आहेत, पण बटाट्यासारखे वेडेवाकडे.
"का गं रडतेस?" मंगळदादाने विचारले.
कणी म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
गुरू माळ ओढीना,
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!
गंध उगाळतोस ना, दादा?"
"नाही गं कणी, आत्ता नाही. माझी माती म्हणजे लाल गंधच. पण कोरडे ठणठणीत! माझे पाणी कधीच गोठून बसले. गंध कोरडे उगाळतात का? तू बर्फाची आहेस. तुलाच सहाणेवर घासू का?"
"नको, नको!" कणी टुण्णकन मागे सरली.
"अगं, थट्टा केली!" दादा हसला. "आधी पृथ्वीने पाणी द्यावे. मग मी गंध उगाळीन."

कणी निघाली. टिंग टिंग, टिंग टिंग.
आता ऊन लागू लागले.
टप्! एक थेंब गळला.
हरभऱ्याएवढी कणी ज्वारीएवढी झाली.
पुढे भेटली पृथ्वीमाउली. निळी निळी. हिरवी हिरवी. कमरेवर हंडा घेतला, की बाई जराशी कलते ना? तशीच ती कललेली. मागे मागे एकुलता एक चंद्र.
"का गं रडतेस, बाळ?" माउलीने विचारले.
कणी म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
मंगळ गंध उगाळीना,
गुरू माळ ओढीना,
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!
पाणी देतेस ना, माउली?"
"नाही गं कणी, आत्ता नाही. ही माझी लेकरे पाहा. तिन्हीसांजेला अंगणात उभी आहेत. शुक्राची चांदणी दिसली, की हात जोडतात. हात जोडले, की घरात येतात. आज चांदणीच दिसेना!"
"आई, चांदणी कुठे गेली?" अंगणातून एक लेकरू ओरडले.
"येईल हो, येईल!" माउली म्हणाली. "पाहिलेस ना, कणी? लेकरे घरात आल्यावाचून माझे हात मोकळे होत नाहीत. आधी शुक्राने चांदणी दाखवावी. मग मी पाणी देईन. पण जपून जा गं. पुढे ऊन कडक आहे!"

कणी निघाली. टिंग टिंग, टिंग टिंग.
टप्! टप्! दोन थेंब गळले.
ज्वारीएवढी कणी मोहरीएवढी झाली.
पुढे भेटले शुक्रकाका. शुक्रकाकांनी ढगांची दुलई पांघरली आहे. जाड जाड दुलई! आत इतके गरम, इतके गरम, की भाकरीला तवाच नको! काकांची गिरकी उलटी. सगळे असे फिरतात, तर काका तसे फिरतात. आणि तेही हळू... हळू... हळू...
"का... गं... रडतेस?" शुक्रकाकांनी विचारले.
कणी म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
पृथ्वी पाणी देईना,
मंगळ गंध उगाळीना,
गुरू माळ ओढीना,
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!
चांदणी दाखवता ना, काका?"
"नाही... गं कणी, आत्ता... नाही. माझी दुलई चुरगळली आहे. चुरगळलेली दुलई चमकत नाही. ती चमकली, तरच मी चांदणी दिसतो."
"मग झटका ना दुलई!"
"कशी झटकू? टोक अडकले आहे पाठीशी. पाठ वळून पुढे यायला... कितीतरी महिने लागतात. आधी बुधाने दुलई झटकावी. मग मी चांदणी दाखवीन."

कणी निघाली. टिंग टिंग... टिंग...
टप्! टप्! टप्! तीन थेंब गळले.
मोहरीएवढी कणी खसखशीएवढी झाली!
आता आणखी एक थेंब गळला, तर? कणीच उरणार नाही.
तेवढ्यात सुर्र सुर्र, सुर्र सुर्र, आला बुध. सर्व ग्रहांत धाकटा. सर्व ग्रहांत चपळ. अठ्ठ्याऐंशी दिवसांत एक प्रदक्षिणा!
"अगं, उन्हात काय करतेस? सावलीत ये! माझ्या पाठीमागे ये!"
कणीने बुधाच्या पाठीमागे उडी मारली. अहाहा! बुधाचे तोंड भाजत होते. पण पाठ किती गार! सूर्याकडची बाजू तापलेली. सावलीची बाजू गारठलेली. कणीचे थेंब थांबले.
"आता सांग. का गं रडतेस?" पळता पळता बुधाने विचारले.
कणी म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
शुक्र चांदणी दावीना,
पृथ्वी पाणी देईना,
मंगळ गंध उगाळीना,
गुरू माळ ओढीना,
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!
दुलई झटकतोस ना, बुधा?"
"नाही गं कणी, आत्ता नाही. मी थांबलो, तर प्रदक्षिणा मोडेल. मी सूर्यनारायणाच्या सर्वांत जवळ आहे. तो माझ्याकडे पाहत असतो. आधी सूर्यनारायणाने सांगावे. मग मी दुलई झटकीन."

कणीने बुधाच्या खांद्यावरून हळूच डोकावले.
केवढा तो सूर्यनारायण! दहा लाख पृथ्व्या पोटात घेईल एवढा! सगळीकडे प्रकाशच प्रकाश.
सावली सोडून पुढे जाता येत नव्हते. पुढे गेले, तर संपलेच.
मग कणीने सावलीतच हात जोडले. डोळे मिटले. आणि इवल्याशा आवाजात म्हणाली,
"काय सांगू, काय सांगू?
बुध दुलई झटकीना,
शुक्र चांदणी दावीना,
पृथ्वी पाणी देईना,
मंगळ गंध उगाळीना,
गुरू माळ ओढीना,
शनी जागा देईना,
कणी घरी जाईना!
देवा, आता तुला काय हवे? सांग. पण जवळचेच काही सांग. मी खसखशीएवढी उरले आहे. आणखी दूर जाणे माझ्याने होणार नाही."

बुधाने कान दिला. शुक्रकाकांनी कान दिला. माउलीने, दादाने, गुरुजींनी, आजोबांनी कान दिला.
सूर्यनारायण हसला. त्याचे हसू म्हणजे उजेड! लांब लांबपर्यंत उजेड गेला.
"मला?" तो म्हणाला. "मला काही नको."
"काहीच नको?" कणीने डोळे उघडले.
"काहीच नको. बुधा, तू कुणाला प्रदक्षिणा घालतोस?"
"तुम्हाला, देवा."
"मग मी सांगतो ते ऐक. थांबू नको. पळता पळता हात लाव. अडलेल्याला हात दिला, तर माझी प्रदक्षिणा मोडत नाही. ती पुरी होते."
"एवढेच?" बुध म्हणाला.
"एवढेच," सूर्यनारायण म्हणाला.

बुधाने कणीला पाठीशी घेतले. सुर्र सुर्र! पळता पळता हात लांब केला. दुलईचे टोक धरले. फटाक्! एकच झटका!
"अरे वा... कसे छान... वाटले!" शुक्रकाका म्हणाले.
दुलई झाली गुळगुळीत. दुलई झाली पांढरी शुभ्र. लुकलुक, लुकलुक! शुक्रकाकांनी चांदणी दाखवली. मग कणीला दुलईच्या सावलीत घेतले आणि पुढे पोचवले.

"आई, चांदणी! चांदणी!" अंगणात लेकरे नाचली. लेकरांनी हात जोडले. लेकरे घरात आली. माउलीचे हात मोकळे झाले.
झुळझुळ! माउलीने ओंजळ भरली.
"हा एक थेंब मंगळाला," ती म्हणाली. "आणि हा एक थेंब तुला. किती गं वाळलीस!"
कणीने थेंब अंगावर घेतला. गार गार वाटेला लागली. थेंब गोठला. टिच्च!
खसखशीएवढी कणी मोहरीएवढी झाली. मोहरीएवढी कणी ज्वारीएवढी झाली. ज्वारीएवढी कणी हरभऱ्याएवढी झाली!
आता उडी कशी? टिंग टिंग! टिंग टिंग!

"आणलेस पाणी? शाबास!" मंगळदादाने गंध उगाळले. खसखस, खसखस. लाल लाल, ओले ओले गंध! "थांब, तुलाही लावतो." कणीच्या कपाळावर एक ठिपका. एवढुस्सा!

गुरुजींनी टिळा लावला. ठसठशीत टिळा! सगळ्या चंद्रांनी टाळ्या पिटल्या.
"हं, आता काम!" गुरुजींनी बाह्या सावरल्या. फिरता फिरता हात लांब केला. माळ धरली. "हेऽऽऽ ओढ!"
माळ ताणली. मणी सरकले. फट पडली!
"कणीऽ, आली बघ फट!" धोंडू ओरडला. "मार उडी!"
पण माळ जोरात फिरत होती. गर्र गर्र! फट आली. फट गेली. फट आली. फट गेली.
कणी बावरली. "आजोबा, कधी उडी मारू?"
"मी सांगतो," शनिआजोबा म्हणाले. "डोळे उघडे ठेव. एक... दोन... आत्ता!"

टिंग!

कणी आत. अगदी धोंडूच्या शेजारी.
गुरुजींनी माळ सोडली. फट मिटली. पण आता कणी आत होती.
"कपाळाला काय लावून आलीस?" धोंडूने विचारले.
"गंध!"
"आम्हाला नाही आणलेस?" मागचा मणी म्हणाला.
"बुवा बघायला वाक. मग मिळेल!" कणी म्हणाली. सगळे मणी हसले. माळभर हसू पसरले. खळखळ, खळखळ!

मग कणीने गाणे म्हटले. सगळ्या मण्यांनी ठेका धरला. तुम्हीही टाळ्या वाजवा.
बुधाने दुलई झटकली,
शुक्राची चांदणी चमकली,
पृथ्वीने ओंजळ भरली,
मंगळाची सहाण भिजली,
गुरूने माळ ओढली,
शनीने जागा सोडली,
कणी घरी पोचली!

सर्वांत दूर, निळ्या निळ्या अंधारात, नेपच्यूनपणजोबा चालले होते. त्यांची एक प्रदक्षिणा एकशे पासष्ट वर्षांची. तिथला वारा सर्वांत जोराचा. घोंऽऽ घोंऽऽ! पणजोबांना धड ऐकूच येईना.
"कायऽऽऽ?" पणजोबा ओरडले. "कोण हरवलेऽऽऽ?"
"कुणी नाहीऽऽऽ!" सगळे ओरडले. "सापडलीऽऽऽ!"
"कायऽऽऽ?"
"सा-प-ड-लीऽऽऽ!"
"छान, छान!" पणजोबा म्हणाले आणि चालू लागले. खरे म्हणजे ते थांबलेच नव्हते.

ग्रह चालतात. माळ चालते. माळेत कणी चालते, टिंग टिंग, टिंग टिंग.
मधोमध सूर्यनारायण हसतो.
गोष्ट तेवढी इथे बसली. बाकी सगळे चालूच आहे.